अण्णांची सही असलेलं विमान

प्रिय दिल्या,

एवढे महिने पत्र नाही आणि फोनवर नुसतं ‘बरं चाललंय’, म्हणून तू चिडला आहेस, हे वहिनींकडून कळलं. चिडायचा तुझा हक्कच आहे. पण विषय अण्णांचा होता आणि अर्धवट काही तुझ्या कानावर घालायचं नाही, असं मी ठरवलं होतं. आता पुरेसं हाती आलंय. ते फोनवर बोलवणार नाही मला. प्रकृती उत्तम, गुडघा आहे तसाच.

अण्णांनी तपासून सही केलेलं ते विमान सापडलं, दिल्या. कागदावर, पण सापडलं.

मे १९४४, इंफाळचं खोरं. जपान्यांचा वेढा अजून उठायचा होता. हरिकेन, ब्रिटिशांचं लढाऊ विमान. संध्याकाळी उतरताना धावपट्टीच्या टोकापलीकडे गेलं, मातीत रुतून नाकावर उलटलं, आणि वैमानिक पहाटे गेला. अण्णा सांगायचे तसंच, शब्दाला शब्द. लंडनजवळ क्यूला ब्रिटिश नॅशनल आर्काइव्हज आहे. तिथल्या एआयआर २७ या मालिकेत स्क्वाड्रनच्या, म्हणजे विमानांच्या तुकड्यांच्या, रोजनिश्या आहेत आणि त्या आता घरबसल्या उतरवून घेता येतात. त्यातल्या फॉर्म ५४१ वर एका विमानाला एक ओळ: क्रमांक, वैमानिक, काम, वर गेल्याची वेळ, उतरल्याची वेळ. अण्णांच्या विमानासमोर १८४० आणि पुढे ‘उतरताना अपघात’. बस. पुढच्या ओळीत दुसरं विमान.

तिथेच थांबलो असतो. पण तो वैमानिक मुलगा कॅनडाचा निघाला. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आपल्या माणसांच्या सेवा-फायली कॅनडाने खुल्या केल्यात, आणि त्या फायलींत काय काय असतं म्हणून सांगू! भरतीचा अर्ज, शाळेचे गुण, प्रशिक्षकांचे शेरे, मागे राहिलेल्या सामानाची यादी. आणि या फायलीत अपघाताचा अहवालही आहे, फॉर्म ७६५ सी. शत्रूच्या हल्ल्याशिवाय झालेल्या अपघातांसाठीचा. त्यात तपासणाऱ्याने लिहिलंय की अंडरकॅरेजचे, म्हणजे चाकांचे, दोन्ही पाय खाली होते आणि लॉक झालेले होते.

दोन्ही पाय, दिल्या. डावासुद्धा.

मी ते वाचून उठलो आणि बराच वेळ नुसता येरझाऱ्या घालत होतो. अण्णांनी साठ वर्षं रात्री उठून दाराची कडी तपासली. आपण लहानपणी पांघरुणात तोंड खुपसून मोजायचो किती वेळा वाजते ते. काकू म्हणायच्या, ‘स्वभावच तसा.’ स्वभाव कसला! त्या दिवशी सकाळी डाव्या पायाचं लॉक तपासून त्यांनी फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या तपासणीच्या कागदावर, सही केली, त्याच पानावर त्या पोराने सही करून विमान ताब्यात घेतलं, आणि संध्याकाळी ते उलटं पडलेलं पाहिलं. लॉकच सुटलं असणार, असं धरूनच ते जगले. कुणी दोष दिला नव्हता त्यांना. कुणी काही विचारलंही नव्हतं. त्या पट्टीवर हिंदी एअरमनला अहवाल कोण दाखवणार?

आता आपलं जुनं भांडण, ब्रिटिशांचं कुठलं लढाऊ विमान सरस याचं. स्पिटफायर, स्पिटफायर करून माझं डोकं खाल्लंस आयुष्यभर! अरे, तुझ्या त्या सुंदरीची चाकं एकमेकांना चिकटल्यासारखी, बाहेरच्या बाजूला दुमडणारी. हरिकेनची आत दुमडणारी, लांब लांब, म्हणून खडबडीत पट्टीवर ती भक्कम उभी राहायची. आणि १९४० च्या हवाई लढाईत, बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये, जर्मनांची जास्त विमानं हरिकेननेच पाडली, हे मी पुन्हा एकदा लेखी देतोय. हे पान फाडू नकोस.

पण खरी टोचणी पुढे आहे. अपघाताच्या नोंदीचं एक कार्ड असायचं, फॉर्म ११८०. त्यावर वैमानिकाचे एकूण तास, त्या जातीच्या विमानावरचे तास, आणि कारण. कारणाच्या जागी लिहिलंय ‘एरर ऑफ जजमेंट’, म्हणजे अंदाजाची चूक, पट्टीवर फार पुढे जाऊन टेकला. म्हणजे अण्णा सुटले आणि पोरगा अडकला. एकवीस वर्षांचा. हरिकेनवरचे तास साठही नाहीत. मला हे पटेना. अण्णांच्या मानेवरचा भार काढून ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्या मानेवर ठेवायचा, हा कुठला न्याय?

म्हणून त्या दिवसाचं हवामान शोधत बसलो. पट्टीच्या रोजनिशीत वळवाची मोठी सर आणि पट्टीवर पाणी, अशी नोंद आहे, पण वेळ १२००. भर दुपारची सर, संध्याकाळी पावणेसातला तिचा काय संबंध? मेच्या उन्हात तोवर जमीन सुकायची. मग त्याच रोजनिशीत आदल्या तारखेला २३३० वाजता एक टेहळणी विमान वर गेल्याचं दिसलं. रात्री साडेअकराला टेहळणी? स्क्वाड्रनच्या वहीत तेच विमान, तोच वैमानिक, दुसऱ्या दिवशी पहाटे ०६००. साडेसहा तासांचा फरक! सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थानची घड्याळं युद्धासाठी एक तास पुढे होती, ग्रिनिचच्या साडेपाच नाही, साडेसहा तास पुढे. स्क्वाड्रन स्थानिक वेळ लिहीत होतं आणि पट्टीवाले ग्रिनिचची. म्हणजे १२०० ची सर संध्याकाळी साडेसहाची. पोरगा उतरला १८४० ला.

दहा मिनिटं, दिल्या! इंफाळ मेन आणि पालेल सोडल्या तर त्या खोऱ्यातल्या पट्ट्या फक्त कोरड्या दिवसांत वापरण्याजोग्या. काचेवर पाणी, समोर हरिकेनचं ते लांब नाक, त्यामुळे टेकताना पुढचं दिसत नाही, बाजूने डोकावून अंदाज घ्यायचा. खाली चिखल, त्यावर ब्रेक काय धरणार? टेकायला उशीर झाला हे खरं आहे, ते मी लपवत नाही. पण पट्टी सुकी असती तर उरलेल्या अंतरात तो थांबला असता, असं मला मनापासून वाटतं. कार्डावर पावसाचा एक शब्द नाही. (काळोख होता हे शेखरमामाचं म्हणणं मात्र सोडून दे. युद्धाच्या घड्याळातले १८४० म्हणजे आजचे पाच चाळीस. तिथे मेमध्ये तेव्हा सूर्य मावळलेला नसतो.)

फायलीत त्याच्या आईचं पत्र आहे. विमानात बिघाड होता का, एवढंच तिने विचारलंय. उत्तरात सांत्वन आहे, अपघात उतरताना झाला असं आहे, आणि इंफाळच्या युद्ध स्मशानभूमीत दफन केल्याचं आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर नाही. ते उत्तर आज माझ्या टेबलावर आहे, अण्णाही गेले, तीही गेली असणार. त्याच्या धाकट्या बहिणीची मुलं कुठेतरी असतील. त्यांना शोधून लिहावं का? लिहावंसंच वाटतं. पण आधी काकूंना कळायला हवं आणि तो निर्णय तुझा आहे. फक्त ‘चूक त्या पोराची होती’ या शब्दांत सांगू नकोस त्यांना. पाऊस आधी सांग. आणि एकटा सांगू नकोस, मी येतो.

बदलीचं झालं का? सईचा निकाल ऐकला, शाबास म्हणावं तिला, सविस्तर पत्र तिला वेगळं लिहीन. छताचं काम पावसाआधी उरकून घे रे.

अण्णांचं पे-बुक (हवाई दलातली पगाराची वही) काकूंच्या कपाटात होतं, निळ्या पिशवीत. त्यातला सर्व्हिस नंबर तेवढा कळव. दिल्लीत सुब्रतो पार्कला हवाई दलाचं रेकॉर्ड ऑफिस आहे, त्याला त्यांच्या नोंदींसाठी अर्ज करायचा आहे, आणि त्यावर घरच्या माणसाची सही लागेल, म्हणजे तुझी किंवा काकूंची.

तुझा,
नंदू