'गहाळ' नव्हे, 'चोरी' लिहा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

गणपती गावाला गेले आणि त्यांच्या मागोमाग एसटी स्टँडांवरून मोबाइलही गेले. आम्ही कोकण किनाऱ्यावर मोबाइल विकणारे, दुरुस्त करणारे. आठवडाभर दुकानात दुरुस्ती कमी आणि लोकांचे अर्ज भरणंच जास्त चाललंय. लोक ठाण्यातून जो दाखला घेऊन येतात, त्यावर शब्द एकच : 'गहाळ'. साहेब, छत्री गहाळ होते. चाकरमानी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला हात वर करतो, त्या क्षणी शर्टाच्या खिशातला फोन उचलला जातो. याला मराठीत चोरी म्हणतात.

कायद्यातही तेच म्हणतात. भारतीय न्याय संहितेत कलम ३०३ चोरीचं, ३०४ हिसकावून नेण्याचं. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची आहे. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करायची, बस्स. प्रत्यक्षात? गाडीत गेला म्हणालं की रेल्वे पोलिसांकडे बोट. तिथे प्रश्न, कुठल्या स्टेशनच्या हद्दीत? कोकण रेल्वे बहुतेक एकेरी मार्गाची, क्रॉसिंगला गाडी कुठेही अर्धा तास उभी. खिडकीजवळ चार्जिंगला लावून झोपलेल्या माणसाने हद्द कशी सांगावी? पण 'गहाळ' लिहिलं की गुन्हाही नाही, तपासही नाही आणि जिल्ह्याचा आलेख कसा झकास दिसतो.

आता तुमच्या सरकारी पोर्टलकडे येऊ. सीईआयआर म्हणजे गेलेला फोन ब्लॉक करायचं पोर्टल. त्याची सुरुवात २०१९ मध्ये आपल्याच राज्यातून झाली, मे २०२३ मध्ये दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलबरोबर ते देशभर आलं. चीज चांगली आहे, नाकारत नाही. अर्ज गेला की २४ तासांत फोन ब्लॉक, पुढे कुणी त्यात सिम घातलं की माग पोलिसांना दिसतो. पण अर्ज जाईपर्यंतचं बघा. पोलीस तक्रारीची प्रत हवी, ओळखपत्र हवं, बिल असल्यास जोडायचं. १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक हवा, दोन सिमच्या फोनचे दोन्ही. *#०६# दाबलं की तो दिसतो, पण फोन गेल्यावर दाबणार कशावर? म्हणून तो बिलावर किंवा खोक्यावर बघावा लागतो, आणि खोकं तर चतुर्थीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला गेलेलं. बरं, ओटीपी येणार हरवलेल्याच नंबरवर. त्यासाठी डुप्लिकेट सिम काढायचं, आणि नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद. हा नियम फसवणूक रोखायला आहे, योग्यच आहे. पण २४ तासांचं वचन देताना त्याआधीचे हे २४ तास आणि ठाण्याचे हेलपाटे कोण मोजणार?

तोवर चोर काय करतो? सिम काढतो, आपल्या फोनात घालतो आणि तुमच्या बँकेचे ओटीपी वाचतो. म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला आधी सिम बंद करायला लावतो, मग बँक, पैसे गेले असतील तर सायबर हेल्पलाइन १९३०, आणि मग ठाणं. आणि फोन हातात असतानाच सिमला पिन लावा म्हणून घसा कोरडा करतो. सेटिंगमध्ये सिम लॉक. कंपनीचा मूळ पिन आधी विचारून घ्यायचा, कारण तीनदा चुकलं की पीयूके, म्हणजे सिम उघडायचा कोड मागतो आणि तो दहादा चुकला की सिम कायमचं निकामी. हे एका पत्रकावर छापून स्टँडवर लावायला किती खर्च येतो?

बंदरावरची गोष्ट वेगळीच. मासळी निवडणाऱ्या ओल्या बोटांचा ठसा सेन्सर घेत नाही, म्हणून तिथे कितीतरी फोनांचं लॉकच काढून टाकलेलं. त्यांना सहा आकडी पिन लावून द्यावा लागतो, जन्मसाल नको. अँड्रॉइडमध्ये २०२४ पासून चोरी ओळखून लॉक होण्याची सोय आली, पण ती चालू आहे का ते बघावं लागतं. शिवाय हिसका बसून पळापळ झाली तरच ती जागी होते. अलगद खिसा मारला तर तिला पत्ता नाही. त्यासाठी ऑफलाइन लॉकही, म्हणजे नेट तुटलं की फोन आपोआप लॉक करणारी सोय, चालू लागतं.

आणि चोरीचा माल शोधायला पोलीस येतात कुठे? आमच्याच काउंटरवर! आयएमईआय असतो बोर्डात. डिस्प्ले, बॅटरी, कॅमेरा सुटे झाले की त्यांना कोण नाव विचारतो? आयएमईआय बदलणाऱ्याला २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. त्याला धरा ना. जुना फोन घेताना इंग्रजीत KYM, मग आयएमईआय लिहून १४४२२ वर एसएमएस केला की तो ब्लॉक आहे का कळतं. आम्ही करतो. तरी चौकशीला बाकावर आम्हीच बसायचं, दुकान बंद ठेवून.

पण कोकणी माणूस बसतोच. २०११ पासून मुंबई-गोवा महामार्ग पुरा व्हायची वाट बघत बसलाय, तिथे एका फोनचं काय! दर चतुर्थीला आश्वासन, दर शिमग्याला नवी तारीख. स्टँडवर दिवे नाहीत, कॅमेरा असला तर त्याचं तोंड भिंतीकडे, आणि घोषणा मात्र डिजिटल.

मागणं फार नाही. खिसा मारला असेल तर दाखल्यावर 'चोरी' लिहावं, कलम घालावं, आणि ठाण्यातल्याच संगणकावरून तिथल्या तिथे पोर्टलचा अर्ज सुरू करून द्यावा. गर्दीच्या दिवसांत स्टँडवर साध्या वेषातली दोन माणसं.

या पत्राची पोच द्याल तर त्यावर तेवढं 'गहाळ' लिहू नका.

आपले,
किनाऱ्यावरचे मोबाइलवाले