कोडाईकनालचं पाईन फॉरेस्ट म्हणजे जंगल नव्हे हो!

संपादक महोदय, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला कोडाईकनालवरचा लेख वाचला, मस्त लिहिलाय, पण पाईनच्या झाडांच्या फोटोखाली 'माणसाचा हात न लागलेलं जंगल' असं छापलंय ते वाचून राहवेना. अहो ती झाडं इंग्रजांच्या काळापासून माणसांनीच लावलीयत, फोटोत नीट बघा, रांगेत उभी आहेत!

तिथलं अस्सल जंगल म्हणजे शोला. गवताळ डोंगरांच्या घळीत दडलेली बुटकी, गच्च झाडी, कायम धुक्यात, खोडांवर हे एवढं शेवाळ. आम्ही मागच्या मार्चमध्ये गेलो होतो तेव्हा पहाटे एका ओढ्याकाठी शोलाच्या कडेला उभे राहिलो, थंडीने दात वाजत होते, बायको म्हणे चला हॉटेलवर, आणि तेवढ्यात आतून शीळ सुरू झाली, लांबलचक, चढत-उतरत, संपतच नाही. पक्षी दिसायला वीस मिनिटं लागली. मग ओल्या पाचोळ्यावर उंदरासारखं काहीतरी टुणकन पुढे आलं, लांब पाय, अंग पाटीसारखं निळं-करडं, पोट पांढरं, शेपटी जरा हलवली आणि परत झुडपात गडप. जेमतेम १५ सेंटिमीटरचा जीव, नाव शोलाकिळी (किळी म्हणजे मल्याळममध्ये पक्षी).

याची गंमत अशी की सह्याद्रीतल्या पालघाट खिंडीच्या दक्षिणेला हा पांढऱ्या पोटाचा, आणि उत्तरेला निलगिरी, कूर्गकडे तांबूस कुशीचा, म्हणजे दोन वेगळ्या जाती, मधली खिंड यांना ओलांडताच येत नाही. आधी यांना भलत्याच पक्ष्यांच्या गटात टाकत, २०१७ साली शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून यांची स्वतंत्र प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) केली, नाव शोलिकोला. आपल्या महाराष्ट्रात सह्याद्री असला तरी हे पक्षी नाहीत, जगात फक्त त्या दक्षिणेकडच्या उंच डोंगरांवर.

आता यांना लागते खालची दाट झुडपं, ओल, अळ्या-किडे. पाईनखाली काय असतं? वाळलेल्या सुयांचा थर आणि सेल्फीवाले. शिवाय कातडं कमवायला लागणाऱ्या सालीसाठी वॅटल (बाभळीच्या जातीचं परदेशी झाड), जळणासाठी नि लगद्यासाठी निलगिरीची झाडं, असं करत करत तिथले गवताळ माळ झाडांनी भरून टाकले, वॅटल तर आता न लावता पण पसरतोय. आपण मुंबई-पुण्याहून जाणारे मात्र हिरवं दिसलं की जंगल म्हणून मोकळे, मीही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याच पाईनमध्ये फोटो काढून आलो होतो, खोटं कशाला बोलू.

तेव्हा पुढच्या अंकात त्या फोटोखालची ओळ दुरुस्त करून छापा, आणि जागा असेल तर शोलाचा एखादा फोटो टाका. धुक्यात फारसं काही दिसणार नाही, चालेल.

आपला,
एक जुना वाचक, सांगली