खत सेंद्रिय आहे, पण कशापासून झालेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘सेंद्रिय माळवं’ अशी पाटी लावलेल्या हातगाड्या आता परभणी शहरातच नव्हे, तर सेलू-जिंतूरच्या आठवडी बाजारांतही दिसू लागल्या आहेत, आणि आपल्या दैनिकातही सेंद्रिय भाजीपाल्याविषयी वरचेवर मजकूर येतो, ही समाधानाची बाब आहे. मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षे काम करून निवृत्त झालो असून आता ओढ्याकाठच्या वीस गुंठ्यांत स्वतः माळवं करतो. या दोन्ही नात्यांनी एक मुद्दा मांडावासा वाटतो. भाजीत कॅडमियम, शिसे, निकेल यांसारखे जड धातू किती उतरतात, हे खत सेंद्रिय की रासायनिक एवढ्यावरून सांगता येत नाही. ते खत कशापासून झाले, किती कुजले आणि कोणत्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीत पडले, यावर ते अवलंबून असते. आणि नेमक्या याच तीन गोष्टी गोणीवर किंवा पाटीवर लिहिलेल्या नसतात.

हे लिहिण्याचे निमित्त घरचेच आहे. गावात बैलजोड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, उकिरडे आटले आणि शेणखताच्या ट्रॉलीला मागतील तो भाव द्यावा लागू लागला. म्हणून यंदा मी जवळच्या एका नगरपालिकेच्या कचरा डेपोवरून शहरी कंपोस्टची एक ट्रॉली आणवली. बांधकामाची वाळू चाळायची चाळणी तिरपी लावून ते खत चाळले, तेव्हा वर राहिले ते असे : पेन्सिल सेलची गंजलेली टोपणे, गोळ्यांची रिकामी पाकिटे, ट्यूबलाइटच्या काचेचे पांढरे तुकडे, तेलरंगाचे पोपडे चिकटलेली एक लाकडी पट्टी आणि गुटख्याच्या पुड्या तर विचारूच नका. ढिगात कोपरापर्यंत हात घातला, तर आतून चांगलीच ऊब लागली, म्हणजे खत अजून कच्चे होते. चाळणीवर राहिलेले वेचून फेकता आले. पण त्या सेलमधून आणि रंगातून झिरपून जे खाली पडलेल्या काळ्या भुशात मिसळले असेल, ते निवडायला कोणतीही चाळणी उपयोगी पडत नाही.

कचरा कुजतो, धातू कुजत नाही, एवढी साधी गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते. शंभर किलो ओला कचरा कुजून त्याचे निम्म्याहून कमी खत होते. कर्ब (कार्बन) वायू होऊन उडून जातो, पाण्याची वाफ होते, धातू मात्र होता तेवढाच मागे राहतो. त्यामुळे मूळ कचऱ्यात धातूचे जे प्रमाण होते त्याहून तयार खतात ते वाढलेलेच असते. घरातल्या घरात ओला व सुका कचरा वेगळा झाला असेल तर हे वाढलेले प्रमाणही क्षुल्लक राहते. एकत्र झालेला कचरा डेपोवर यंत्राने चाळून केलेल्या कंपोस्टाबद्दल तसे म्हणवत नाही.

आता याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे, नाही तर माझे म्हणणे सेंद्रिय खताच्या विरोधात आहे असा समज व्हायचा. चांगले मुरलेले शेणखत, लेंडीखत किंवा गांडूळखत जमिनीतील धातू पिकाच्या तोंडून काढून घेते. मुरलेल्या खतातील ह्युमस, म्हणजे पूर्ण कुजून उरलेला काळा सेंद्रिय भाग, धातूच्या कणांना घट्ट धरून ठेवतो, मुळांभोवतीच्या पाण्यात ते कमी विरघळतात आणि साहजिकच झाडात कमी जातात. शिवाय खतामुळे पालकाची वाढ भरघोस झाली, म्हणजे मुळांनी ओढलेला तेवढाच धातू जास्त पानांत विभागला जातो आणि किलोमागे त्याचे प्रमाण घटते. कच्च्या खताचे वागणे याच्या उलट असू शकते. त्यातून पाण्यात विरघळणारी सेंद्रिय आम्ले सुटतात, ती तांब्यासारख्या धातूला कवेत घेतात आणि पाण्याबरोबर थेट मुळाशी नेऊन सोडतात. ‘खत कच्चं घालू नका, हुमणी लागते’ असे आपली जुनी माणसे सांगत. त्या सांगण्याला आता हे आणखी एक कारण जोडायला हरकत नाही.

मराठवाड्याच्या शेतकऱ्याला निसर्गाने या बाबतीत एक मोठी सवलत दिली आहे. आपली काळी जमीन चुनखडीयुक्त, विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची) आणि भरपूर चिकणमातीची आहे; तिचा सामू (पीएच; सातच्या वर म्हणजे विम्ल) साधारण साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. अशा जमिनीत कॅडमियम, शिसे, निकेल, जस्त हे धातू सहजासहजी विरघळत नाहीत. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत तेवढ्याच कॅडमियमने जितका धोका होईल, तितका आपल्याकडे होत नाही. मात्र ही सवलत बिनशर्त नाही. पाण्यात क्लोराइड जास्त असेल, तर कॅडमियम त्याच्याशी जोडी जमवून सामू चढा असूनही विरघळलेल्या अवस्थेत राहतो आणि मुळांत जातो. आणि क्लोराइड तर गटाराच्या पाण्यातही असते व उन्हाळ्यात तळ गाठलेल्या मचूळ विहिरींतही असते. दुसरी अट क्रोमियमची. मुलामा देण्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्यातून येऊ शकणारे सहा संयुजेचे क्रोमियम विम्लधर्मी जमिनीत अडकत नाही, मोकळेच फिरते. येथे मात्र सेंद्रिय खतच कामाला येते, कारण त्यातील कर्ब या क्रोमियमचे रूपांतर तीन संयुजेच्या, कमी विषारी आणि जमिनीत बसून राहणाऱ्या रूपात करतो. छत्रपती संभाजीनगरच्या खाम आणि सुखना या नद्या शहराच्या सांडपाण्याने कशा झाल्या आहेत हे सर्वांना माहीत आहे. अशा पाण्यावर जेथे जेथे माळवं पिकते, तेथे मुरलेले शेणखत ही चैन नव्हे, गरज आहे. आणि तेथेच एकत्र कचऱ्याचे कंपोस्ट टाकणे हा दुहेरी मार आहे.

कायद्यात मर्यादा नाहीत असे नाही. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसे १००, निकेल ५०, क्रोमियम ५०, आर्सेनिक १० आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम अशा कमाल मर्यादा घालून दिलेल्या आहेत. पण मर्यादेच्या आत असलेले खतही दरवर्षी त्याच वाफ्यात पडत राहिले, तर काय होते याचा हिशेब कोणी शेतकऱ्याला समजावून सांगत नाही. एकरी पाच टन खत घातले आणि त्यात कॅडमियम अगदी मर्यादेइतके असले, तर वर्षाला २५ ग्रॅम कॅडमियम त्या एकरात गेले. वरच्या वीतभर थरातील मातीचे वजन एकरी सुमारे नऊ लाख किलो धरले, तर किलोमागे ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास भर पडते. आकडा किरकोळ दिसतो. दहा वर्षांनी तो ०.३ मिलिग्रॅमच्या जवळ जातो, आणि स्वच्छ जमिनीत मुळात कॅडमियम असते तेच किलोमागे मिलिग्रॅमच्या काही दशांशांत. शिवाय मराठवाड्याच्या बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात सेंद्रिय कर्ब झपाट्याने जळतो. धातूला धरून बसलेला हात असा दरवर्षी थोडा थोडा सैल होतो, धातू जागच्या जागी राहतो. म्हणून एकदा भरपूर खत घालून मोकळे होण्यापेक्षा थोडे, पण चांगले खत दर हंगामाला घालणे शहाणपणाचे.

रासायनिक खताच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे वाचून हात झाडायचे कारण नाही. स्फुरदयुक्त खते ज्या खडकापासून बनतात, त्या रॉक फॉस्फेटमध्ये कॅडमियम मुळातच असते; युरोपीय संघाने २०२२ पासून अशा खतांत किलोभर स्फुरदामागे (पेंटॉक्साइडच्या हिशेबाने) ६० मिलिग्रॅमची मर्यादा लागू केली आहे. कोंबडीखताचेही तसेच. कोंबड्यांच्या खाद्यात घातलेले तांबे आणि जस्त बरेचसे विष्ठेतून बाहेर पडते, आणि ‘पोल्ट्रीचं खत म्हणजे सेंद्रियच’ या समजुतीने ते ट्रॉलीच्या ट्रॉली शेतात जाते. जस्ताची आपल्या जमिनींत सर्रास कमतरता आहे, त्यामुळे तेवढ्यापुरते ते उपकारकच ठरते; कॅडमियम मुळांत शिरतो तोही बव्हंशी जस्त-लोहाच्या वाटेने, म्हणून जमिनीत जस्त पुरेसे असेल तर कॅडमियमला आत शिरायला जागा कमी मिळते. माझ्या मते माती परीक्षणात जस्त कमी निघालेल्या माळव्याच्या रानात झिंक सल्फेट देणे हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

कोणती भाजी कुठे घ्यावी, याचाही विचार व्हायला हवा. पालक, मेथी, शेपू, चुका, कोथिंबीर या पालेभाज्या धातू सर्वांत जास्त ओढतात. मुळा-गाजरासारखी कंदमुळे त्यांच्या खाली. भेंडी, दोडका यांसारख्या फळभाज्यांत ते प्रमाण बरेच कमी आणि गवार, चवळी, वाल यांच्या शेंगांत आणखी कमी. गृहिणींच्या दृष्टीने एक फरक महत्त्वाचा आहे. शिसे मुळातून पानापर्यंत फारसे चढत नाही; रस्त्याकडेच्या पालकावर सापडणारे शिसे बहुतांशी धुळीचे असते. परवाच घरी बाजारातल्या दोन जुड्या परातीत बुडवून धुतल्या, तर पहिल्या पाण्याच्या तळाशी करड्या मातीची साय बसली, दुसऱ्यात थोडी आणि तिसरे पाणी नितळ आले. शिशाचा मोठा भाग अशा दोन-तीन पाण्यांत निघून जातो. कॅडमियम मात्र पानाच्या आत असतो. तो किती पाण्यांनी धुतले तरी जात नाही, आणि शरीरात गेलेला मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षे घर करून राहू शकतो.

मग ग्राहकाने विश्वास कशावर ठेवायचा? सेंद्रिय प्रमाणपत्र हे प्रामुख्याने पद्धतीचे असते : रासायनिक खत नाही, कीटकनाशक नाही, नोंदी ठेवल्या आहेत. त्या पानात कॅडमियम किती, हे ते सांगत नाही. २०१५ पासून शेतकऱ्यांना मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. कॅडमियम, शिसे, निकेल, क्रोमियम यांना त्यात रकाना नाही. सगळ्या शेतांसाठी तो असावा असा माझा आग्रह नाही; कोरडवाहू सोयाबीनच्या शेतात शिसे शोधत बसणे म्हणजे उधळपट्टी होईल. पण सांडपाण्यावर, औद्योगिक वसाहतींच्या उताराला किंवा कचरा डेपोच्या आसपास जे माळवं पिकते, त्या रानांची तपासणी जिल्हा पातळीवर तीन वर्षांतून एकदा तरी फुकट व्हावी. त्यात एकूण धातू नव्हे, तर झाडाला उपलब्ध होणारा धातू मोजावा. आमच्या प्रयोगशाळांत जस्त-लोहासाठी मातीतला उपलब्ध धातू ओढून घेणारे जे डीटीपीए नावाचे द्रावण रोज वापरतात, त्याच अर्कात कॅडमियम आणि शिसेही मोजता येते. प्रश्न फक्त धातू मोजणाऱ्या यंत्रावर त्या त्या धातूचा वेगळा दिवा लावण्याचा आणि ते काम कोणाच्या तरी तक्त्यात लिहिण्याचा आहे.

दुसरी मागणी खताच्या गोणीची. नत्र-स्फुरद-पालाशाची टक्केवारी जशी गोणीवर छापतात, तसा त्या लॉटचा धातूंचा अहवालही मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापावा, आणि सुटे कंपोस्ट ट्रॉलीने विकणाऱ्या पालिकांनी त्याची प्रत पावतीला जोडावी. कचऱ्याचे विलगीकरण २०१६ च्या घनकचरा नियमांनीच बंधनकारक केले होते, त्यामुळे ‘मिसळलेल्या कचऱ्याचेच खत आहे, काय करणार’ हे उत्तर आता चालू नये. साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून (उसाचा रस गाळून उरणाऱ्या मळीपासून) केलेल्या खतालाही हाच नियम लागू व्हावा. आणि ज्यांच्याकडे कापूस आहे त्यांनी पऱ्हाट्या बांधावर पेटवून देण्यापेक्षा कमी हवेत जाळून त्यांचा कोळसा करावा व तो शेणखतात मुरवून टाकावा; हा कोळसा धातूला धरतो आणि शेणखतासारखा दोन उन्हाळ्यांत संपत नाही.

मी आणलेल्या ट्रॉलीचा तपासणी अहवाल मिळावा म्हणून त्या पालिकेकडे लेखी अर्ज दिला, त्याला दोन महिने होऊन गेले. ‘साहेब, खत आहे, औषध थोडंच आहे?’ असे तिथल्या कर्मचाऱ्याने हसत विचारले होते. अहवाल अद्याप आलेला नाही. दरम्यान ओढ्याचे पाणी लागते त्या खालच्या दहा गुंठ्यांत मी पालक-मेथी बंद करून गवार आणि चवळी लावली आहे, पालेभाजी वरच्या, विहिरीच्या पाण्यावरच्या वाफ्यांत नेली आहे, आणि ते चाळलेले कंपोस्ट लिंबाखाली ताडपत्रीने झाकून ठेवले आहे. पाऊस तोंडावर आहे. तो पडायच्या आत कागद आला तर बरे, नाही तर ती ट्रॉली माळव्याच्या रानात न टाकता बांधावरच्या सागाच्या रोपांना घालीन.

आपला,
एक निवृत्त माती परीक्षण कर्मचारी
परभणी