पोरगी त्याच्या लग्नाला जातेय!

अमळनेर,
5 डिसेंबर 2024

प्रिय पमे,

तब्येती ठीक. माझी शुगर होती तिथेच, ह्यांचे गुडघे कुरकुरताहेत. मेसेज केला असता तर तू अंगठा दाखवून मोकळी झाली असतीस, म्हणून पत्र.

त्या धुळेवाल्यांच्या मुलाची लग्नपत्रिका आली. हो, आमच्या पोरीचा साखरपुडा मोडणारे तेच. आणि आमची पोरगी म्हणते, "मी जाणार. आहेरही मीच देणार."

रडली असती तर काय करायचं ते मला कळलं असतं. ही गाते! मे महिन्यापासून घरात एकच अल्बम, त्या लंडनच्या गायिकेचा, दुआ लिपाचा ‘रॅडिकल ऑप्टिमिझम’. कव्हरवर बाई समुद्रात, जवळच शार्कचा पर पाण्याबाहेर आलेला, आणि हिच्या कपाळावर आठी नाही. पोरगी म्हणते, हेच तर शिकायचं, कितीही गोंधळ झाला तरी डोकं शांत. मी म्हटलं, लंडनला बसून आशावादी व्हायला काय जातंय! तर उखडलीच. म्हणे तिचे आईबाप कोसोव्होतले अल्बेनियन, पंधराव्या वर्षी ती गाण्यासाठी आईबापांना सोडून लंडनला आली. वर मलाच, "तू मला त्या वयात एकटीला जळगावला तरी जाऊ दिलंस का?" घे!

शेजारच्या काकूंनी नाशिकचं स्थळ आणलं, तर त्यांना म्हणाली, "ट्रेनिंग सीझन संपला." हे त्यातलंच गाणं. पुरुषांना प्रेम शिकवत बसायचे दिवस सरले, असा रोख. काकू म्हणाल्या, बरं झालं बाई, आता परमनंट करतील. सासूबाईंनी मात्र थेट विचारलं, "तुनं डोकं फिरी गे का वं?"

30 नोव्हेंबरला मुंबईत त्या बाईचा कार्यक्रम झाला, बीकेसीच्या मैदानावर. मैत्रिणींबरोबर जाऊन आली, घसा बसवून. आता दिवसभर अल्बमचं शेवटचं गाणं, ‘हॅपी फॉर यू’. जुना प्रियकर दुसरीबरोबर दिसतो आणि हिला त्याचा आनंद होतो. मनापासून! तुला पटतं का गं?

हसू नकोस, तुलाच विचारतेय. 1995 साली ‘मेड इन इंडिया’ची कॅसेट माझी होती, तू नेलीस आणि रीळ गुंतवून परत दिलीस. टीव्हीवर त्या गाण्यात अलिशा चिनॉयची राणी एकेकाला नाकारायची, ते बघून तू काय गमजा मारायचीस! आणि धरणगावला तुझ्या ‘त्याच्या’ लग्नात? पंगतीत वरण-बट्टी वाढत फिरलीस. स्वतः वांग्याची भाजी मागून मागून खाल्लीस. मी तुझ्या बाजूने भांडायला आले होते आणि तू मलाच म्हणालीस, "तूप घे." तो राग अजून गेलेला नाही.

परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून होतीस. झोपली होतीस का खरंच? तेव्हा विचारायचा धीर झाला नाही. आता सांग. पोरीला अडवू, की मीही बरोबर जाऊ? आणि गेलो, तर घरी आल्यावर तिला एकटं सोडायचं की शेजारी बसायचं? हे म्हणतात, जाऊ दे की. ह्यांचं मत नेहमी जेवणाच्या बाजूने.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? लेकाचं काय ठरलं? भरताची वांगी कोणी पुण्याला निघालं की पाठवते.

लग्न 15 तारखेला आहे. फोन करू नकोस, सासूबाईंचे कान तिखट आहेत. लिहून पाठव, आणि खरं ते लिही. तोवर मी पैठणी लपवून ठेवते, त्या लग्नात तीच नेसायचीय म्हणे.

तुझीच,
मंगी