उधेवाडीच्या मामांस

आदरणीय मामा यांस,

सादर नमस्कार.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर राजमाची किल्ल्याच्या वाटेच्या दुरुस्तीसाठी आम्ही अकरा जण तुमच्या कापणी झालेल्या खाचरात तंबू ठोकून पाच दिवस राहिलो होतो. निघताना तुमचे आभार मानले खरे, पण तुम्ही आम्हाला नेमके काय शिकवले ते यंदाचा पावसाळा सरल्यावर कळले, म्हणून हे पत्र. सह्याद्रीतल्या इतर वाटांवर राबणाऱ्यांच्याही ते उपयोगी पडावे, यासाठी ते सर्वांसमोर लिहीत आहे.

कोंदिवड्याहून कोंडाणे लेण्यांवरून उधेवाडीला चढणारी वाट पावसाळ्यात ओहोळच होते. शनिवार-रविवारी शेकडो माणसे येतात, वळण टाळून सरळ चढतात, आणि त्या आडवाटांना घळी पडून पाणी तिथूनच धावते. हे आम्ही पाहिले होते आणि त्यावर उपाय म्हणून दगडी पायऱ्या रचायच्या, एवढेच आमच्या डोक्यात होते. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही नऊ पायऱ्या बसवल्या आणि त्या तुम्हाला मोठ्या अभिमानाने दाखवल्या.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. खाली ओढ्यावर जाऊन भरलेली कळशी घेऊन आलात आणि वरच्या वळणावर ती हळूहळू ओतलीत. पाणी थेट पहिल्या पायरीमागे शिरले, दगडाखालची भुसभुशीत माती घेऊन दुसरीमागे गेले, आणि तिसऱ्या पायरीचा दगड तुम्ही नुसत्या अंगठ्याने दाबलात तर तो डुगडुगला. एका कळशीने एवढे केले, तर आषाढातल्या एका रात्रीने काय केले असते, हे सांगायची गरजच उरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नऊच्या नऊ पायऱ्या उपसल्या.

त्यानंतरचे काम तुमच्या पद्धतीने झाले. आधी पाण्याची वाट, मग माणसांची. दर वळणाच्या वर तिरके चर खणून पाणी उताराच्या कडेला, जिथे कातळ उघडा आहे तिथेच सोडायचे, म्हणजे ते पुढे माती कापत नाही. दगड मातीवर न ठेवता खालच्या दगडावर बसवायचा, डोंगराकडे किंचित झुकता ठेवायचा आणि सांधे चिपांनी घट्ट करायचे. आडवाटा बंद करताना जिवंत कारवी तोडायची नाही, कारण तिचीच मुळे ती माती धरून आहेत. वाळलेल्या फांद्या आणि काटेरी झुडपेच आडवी टाकायची. किल्ल्याच्या जुन्या बांधकामाचा एकही दगड उचलायचा नाही, हे तर तुम्ही पहिल्याच दिवशी बजावले होते. पाच दिवसांत आमची जेमतेम साठ पावले वाट झाली. सुरुवातीला हे फार थोडे वाटले, आता तसे वाटत नाही.

मामींचेही आभार इथेच मानतो. पहाटे थंडीने बोटे वळत नसताना चुलीपुढे बसवून त्यांनी दिलेला गुळाचा चहा आणि दुपारी वाटेवर पोचवलेल्या नाचणीच्या भाकऱ्या व लसणाचा ठेचा यांच्या जोरावरच पहार उचलली जात होती. शिध्याचे पैसे घ्यायला तुम्ही दोघांनीही ठाम नकार दिलात, हे आमच्या मनात अजून आहे.

यंदा दसऱ्यानंतर आमच्यापैकी दोघे जण पाहायला आले होते. तिसऱ्या चराच्या तोंडाशी गाळ साचला होता, म्हणजे पाणी तिथूनच बाहेर पडले होते, आणि त्याखालचा एकही दगड हललेला नव्हता. बंद केलेल्या आडवाटेवर कारवीची कोवळी रोपे वर आली होती.

लेण्यांच्या वरचे मोठे वळण अजून बाकी आहे. दिवाळीनंतर तुमचे भात झोडून झाले की निरोप पाठवावा. या खेपेस आम्ही दोन पहारी, घमेली आणि शिधा आमच्यासोबत आणू, चरांतला गाळ आधी काढू, आणि पहिला दगड ठेवण्यापूर्वी कळशी भरून तुमची वाट पाहू.

आपला नम्र,
खाचरातल्या तंबूंमधला एक जण