बाटल्या पेटीबाहेर का?

बर्लिनमधील रोजच्या गमतीजमती टिपणाऱ्या रविवारच्या खुसखुशीत लेखात कचरापेटीलगत उभ्या ठेवलेल्या रिकाम्या बाटल्यांना बेशिस्त म्हटले आहे; ते पटले नाही. तेथे एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट, तर बिअरच्या काचेच्या बाटलीवर बहुधा ८ सेंट अनामत असते. सुपरमार्केटच्या यंत्रात बाटली सरकवली की पावती मिळते, ती गल्ल्यावर वटते. मात्र बाटली चेपली वा लेबल फाटले, तर बारकोड वाचता न आल्याने यंत्र ती परत ढकलते. म्हणून परत करण्याचा कंटाळा असलेले लोक ती न चेपता बाहेर ठेवतात. त्यामुळे अनामतीच्या पैशांसाठी बाटल्या वेचणाऱ्याला पेटीत हात घालावा लागत नाही. बेशिस्तच शोधायची, तर तिथल्या फुटपाथवर फेकलेल्या जुन्या गाद्या आहेतच!

– एक वाचक, पुणे