कृषी केंद्रवाल्या काकांना जाहीर पत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. "माह्यं नाव कुठं टाकू नको बाई," असं तुम्हीच बजावलं होतं. पण आभार मानू नको असं काही म्हणाला नव्हता, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहिते. कारंजा तालुक्यात ज्यांना ओळख पटायची त्यांना पटेलच.

दादा काल ड्युटीवर परत गेला. त्याच्या पांघरुणाची घडी अजून खाटेवर तशीच आहे आणि आई तिला हात लावू देत नाही. मनातलं आत्ताच लिहून टाकते, नाहीतर सोयाबीन, कापूस आणि परीक्षेच्या धांदलीत राहून जाईल.

पोरगा फौजेत म्हटलं की गावाला वाटतं, यांना आता काय कमी. दादा अग्निवीर आहे. दुसऱ्या वर्षाचा पगार कागदावर 33,000 रुपये. त्यातले 9,900 सेवानिधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या निधीत, जमा होतात आणि हातात येतात 23,100. त्यातूनच माझी फी, आजी होती तोवर तिचं दवाखान्याचं आणि बाबांचं सोसायटीचं कर्ज. वर्षाला सुट्टी मिळते 30 दिवस. आजी गेली तेव्हा त्यातली बरीचशी संपली. मागची दिवाळी त्याने काश्मीरमध्येच काढली. 2025 च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर सुरू झालं तेव्हा आई टीव्हीसमोरून उठत नव्हती, आणि टीव्ही लावायला घाबरतही होती. ज्यांचं कोणी सीमेवर आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. म्हणून या दिवाळीला तो यावा असं घरात प्रत्येकाला वाटत होतं. तोंडाने कोणी बोलत नव्हतं एवढंच.

सुट्टी मंजूर झाली ती सण तोंडावर आल्यावर. त्यात त्याच्या साहेबांना बोल लावण्यासारखं काही नाही. सगळ्यांनाच दिवाळीला घरी जायचं असतं आणि चौकी तर रिकामी सोडता येत नाही. पण रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. जम्मूहून नागपूरकडे थेट येणाऱ्या गाड्या मोजक्या, त्या कधीच भरून गेलेल्या. स्लीपरचं तत्काळ सकाळी 11 ला उघडतं आणि मोबाईलवर नुसतं चक्र फिरत राहतं. ते थांबेस्तोवर जागा संपलेल्या असतात. आजीच्या वेळी तो जनरल डब्यातून आला होता. दिल्लीपासून नागपूरपर्यंत दाराजवळ, बॅगेवर बसून. पुढे नागपूरहून गाव गाठायचं ते वेगळंच. आमच्या बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांवर तर आता बाभळी उगवल्या आहेत. येण्याजाण्यातच सुट्टीचे इतके दिवस गेले की आजीची तेरवी झाली आणि तो लगेच निघाला.

आता राहिलं विमान. सैनिकांना विमान कंपन्या सवलत देतात, पण ती मूळ भाड्यावर. सणासुदीला ते भाडंच एवढं चढतं की सवलत जाऊनही तिकीट दादाच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त होत होतं. सोयाबीन पावसाने काळं पडलेलं. हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर झाला होता, आमच्या मालाला व्यापाऱ्याने ओलावा दाखवून त्याच्या किती खाली भाव दिला ते तुम्ही पाहिलंच आहे. दादाने फोनवर सांगून टाकलं, "पुढच्या वर्षी येतो, आई. इकडेही दिवाळी चांगली करतात."

बाबा तरी दोन दारं ठोठावून आले. ज्यांनी दादा भरती झाला तेव्हा चौकात त्याच्या फोटोपेक्षा मोठा स्वतःचा फोटो लावून 'भूमिपुत्राचे अभिनंदन' असा फ्लेक्स लावला होता, त्यांच्याकडे गेले. त्यांनी बाबांना बाहेर उन्हात बसवून ठेवलं आणि आतून निरोप पाठवला, दिवाळी झाल्यावर या. तिकिटं काढून देणारे एक जण 'फौजीसाठी करून देतो' म्हणाले आणि वर एवढे पैसे मागितले की बाबा काही न बोलता उठून आले. मला याचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. 15 ऑगस्टला शाल-नारळ द्यायला हीच माणसं पुढे असतात. शाळेत असताना 7 डिसेंबरला आम्ही ध्वजदिनाचे पैसे गोळा करायचो. तो निधी शहिदांच्या घरच्यांसाठी, जखमी आणि माजी सैनिकांसाठी असतो, आणि तो तिथेच गेला पाहिजे. जिवंत, धडधाकट पोराला सणाला घरी आणायचं असेल तर ते त्याच्या माणसांनी आणि गावानेच करायचं असतं. आमच्या गावात ते करायला कोणी उभं राहिलं नाही.

तुमच्याकडे बाबा तिकिटासाठी आलेच नव्हते. चण्याच्या बियाण्याचं विचारायला आले होते, मी सोबत होते. तुम्ही सहज विचारलं, "पोरगा येते का दिवाळीले?" आणि बाबांना उत्तर देता येईना. मग मीच सांगितलं. तुम्ही जास्त काही विचारलं नाही. दुकानातल्या पोराला गिऱ्हाईक बघायला लावलंत, पुण्याला मुलीला फोन केलात, आणि आम्ही डीएपी खताच्या थप्पीशेजारी बसून चहा संपवेपर्यंत दादाचं तिकीट माझ्या मोबाईलवर आलं होतं.

पण काका, हे पत्र तिकिटासाठी नाही. त्यानंतर जे झालं त्यासाठी आहे.

बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "हे माह्या खात्यात लिवा. फुकटचं नको." तुम्ही वही काढली. ती लाल वही आम्ही लहानपणापासून ओळखतो. आमच्या भागात प्रत्येक घराचं एक पान अशा कुठल्या तरी वहीत असतं, आणि त्या पानावर काय लिहिलं जातं ते शेतकऱ्याला काउंटरच्या पलीकडून उलटं दिसतं. तुम्ही बियाण्या-खताच्या उधारीचं पान सोडून मागचं एक कोरं पान उघडलं. वही फिरवून बाबांसमोर ठेवली आणि खिशातला पेन त्यांच्या हातात दिला. "घ्या भाऊ. तुमच्याच हातानं लिवा. आकडाही तुमीच टाका."

बाबांनी विचारलं, "वरतं नाव कोनाचं लिवू?"

"तुमचं. घेनारे तुमी, फेडनारे तुमी. मी कोन मंधात?"

बाबा सातवी शिकलेले. त्यांनी आधी शर्टाला हात पुसले. मग नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि माझ्या मोबाईलवर बघून तिकिटाची पूर्ण रक्कम एकेक आकडा जुळवत लिहिली. एक रुपया कमी नाही. पुन्हा एकदा वाचून पाहिली. तुम्ही तोवर दुसरीकडे बघत होता, पाठीमागच्या औषधांच्या बाटल्या सरळ करत होता. त्यांनी किती लिहिलं ते तुम्ही आमच्यासमोर वाचलंसुद्धा नाही. वही मिटून गल्ल्याखाली ठेवून दिली.

घरी येताना बाबा गाडीवर ताठ बसले होते. मागे बसून मला ते कळत होतं.

विदर्भात मदत कशी मिळते हे मी लहानपणापासून बघत आले आहे. आत्महत्या झालेल्या घरी धनादेश येतो, तेव्हा आधी कॅमेरा येतो. बाईला पदर नीट घे, इकडे बघ म्हणून सांगतात. घेणाऱ्याची मान खाली गेल्याशिवाय देणाऱ्याला दिल्यासारखं वाटत नाही. तुम्ही दिलंत आणि बाबांची मान वर राहिली. पैसेवाले तालुक्यात खूप आहेत, काका. हे जमणारा मी पहिल्यांदा पाहिला. तेव्हापासून मला अशी माणसं जास्त दिसायला लागली आहेत. नागपूरहून येताना एसटीत तोबा गर्दी होती. दादाची हिरवी बॅग पाहून वाहकाने स्वतःची सीट त्याला दिली आणि कारंज्यापर्यंत दांडीला धरून उभा राहिला. दादाला त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. तुम्हाला लिहिते तसं त्यालाही लिहायला हवं होतं.

दिवाळी कशी झाली ते सांगते. दादा पहिले दोन दिवस झोपलाच. आईने गल्लीतल्या पोरांना सांगून ठेवलं होतं की आमच्या घराजवळ सुतळी बॉम्ब लावू नका, आणि पोरांनी ते खरंच ऐकलं. सगळे देवळापाशी जाऊन फोडायचे. नंतर दादा बाबांसोबत कापूस वेचायला गेला. भाऊबीजेला मी ओवाळलं. मागच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर मोबाईलला ओवाळलं होतं, तेही नेटवर्क तुटत तुटत. या वेळी त्याच्या कपाळाला टिळा लावताना मला रडू आलं आणि तो हसत होता. आईने सांभारवड्या केल्या. निघायच्या रात्री त्याने बाबांना विचारलं, तिकिटाचे किती झाले, मी दर महिन्याला पाठवतो. बाबा म्हणाले, "ते माह्यं खातं हाय. तू त्यात पडू नको."

सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस खरेदीला, कापूस गेला की बाबा पहिला हप्ता घेऊन तुमच्याकडे येतील. तेव्हा कृपा करून "राहू द्या" म्हणू नका. घ्या, आणि वही त्यांच्याकडेच द्या.

तुळशीच्या लग्नाला काकूंना घेऊन घरी या. आईने अनारशांचा डबा तुमच्यासाठी वेगळा काढून ठेवला आहे आणि आम्हाला त्याला हात लावू देत नाही.

आपली,
एका जवानाची बहीण